पुसलेली नावं

कुकरची शिट्टी व्हायची होती. कडूबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि त्यांची सून सुलेखा एका हातानं डबा भरत दुसऱ्या हातानं लॅपटॉपचा चार्जर शोधत होती. तेवढ्यात दार वाजलं.

“पाणी सुटलं का काय!” कडूबाई मेथी टाकून उठल्याच. पण दारात राजेंद्र उभा होता. त्याचा वाळूजला छोटा कारखाना. मोठ्या कंपन्यांचे लोखंडी भाग यायचे, भोकं पाडून, घासून परत जायचे. कुणाचा माल आला, कुणाचा गेला, याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर सुलेखानं घरी बसून मराठीत बनवलं होतं, आणि राजेंद्र तिचं पहिलं गिऱ्हाईक होणार होता.

“ताई, चहा ऱ्हाऊ द्या. घोळ झालाय. माल पाठवणारी कंपनी विचारतीया, तुमच्या सॉफ्टवेअरात दुसऱ्याचं काय घातलंय अन् ते विकायची परवानगी हाय का? मी म्हणलं, आमच्या ताईनं समदं घरीच केलंय. बरोबर ना?”

सुलेखानं डबा खाली ठेवला. तारखा मांडणं, बिलं काढणं, मालावर चिकटवायची लेबलं छापणं, ही कामं करणारे प्रोग्रामचे तयार तुकडे तिनं इंटरनेटवरून घेतले होते. ‘फ्री’ लिहिलंय म्हणजे फुकट, एवढंच वाचून. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा इंग्रजी मजकूर होता, तो तिनं स्वतः पुसला होता. परकी नावं दिसली की गिऱ्हाईक म्हणेल, माल उसनवारीचा आहे.

“नाही दादा,” ती म्हणाली. “सगळं माझं नाही. शुक्रवारपर्यंत थांबाल?”

राजेंद्रचा चेहरा उतरला, पण तो थांबायला तयार झाला.

दुपारी घर शांत झाल्यावर तिनं मूळ फायली पुन्हा उतरवून घेतल्या आणि ते परवाने पहिल्यांदा नीट वाचले. भीती हळूहळू ओसरली. बहुतेकांचं म्हणणं साधं होतं: वापरा, बदला, विका, फक्त आमचं नाव आणि हा मजकूर सोबत राहू द्या. लेबलं छापणारा तुकडा मात्र वेगळा निघाला. तो आत ठेवून विकायचं तर तिला स्वतःचाही सगळा कोड गिऱ्हाइकाला द्यावा लागणार होता, आणि तो पुढे वाटायची मोकळीकही.

शुक्रवारी राजेंद्र आला, तेव्हा तिनं हे सांगितलं.

“म्हंजी मी तुमचं सॉफ्टवेअर वैजापुरात बी विकू शकलो असतो?” तो हसला. “उगंच सांगितलं ताई!”

“म्हणून तर तो तुकडा काढला. सोप्या परवान्याचा दुसरा बसवला. बाकीच्यांची नावं जागच्या जागी लावली.” तिनं मांडणीवरचं पातेलं उचलून दाखवलं. काठाला कोरलं होतं, ‘आवडाबाईकडून सप्रेम’. “हे आमच्या सासूबाईंच्या जावेनं दिलेलं. भात आपला, वाढायचा कुणाला तेही आपण ठरवायचं. नाव तेवढं खरवडायचं नाही.”

“तिचं नि माझं बोलणं नाय, तरी नाव तसंच हाय!” कडूबाई आतून ओरडल्या. “घासून घासून हात दुखले, ते निघंल तर शपथ.”

राजेंद्रनं तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ प्रश्न विचारत राहिला. सुलेखानं एकेकाचं उत्तर दिलं, कुठलाच तुकडा लपवला नाही. शेवटी राजेंद्र फोन ठेवत म्हणाला, “सोमवारी या बसवायला. अन् वाळूजला माझ्या वळखीचे लई जण हायेत, त्यांना बी दाखवू.”

तो गेल्यावर सुलेखानं सॉफ्टवेअरमध्ये आभाराचं एक मराठी पान जोडायला घेतलं. इंग्रजी मजकूर तर जसाच्या तसा होताच, पण कारखान्यातल्या माणसांनाही ती नावं वाचता यावीत, असं तिला वाटलं. एका नावाशी ती अडली. कुठल्या देशातलं, तेही कळेना. तिनं थेट त्या लेखकालाच ईमेल लिहिलं. तुमचं काम माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते मी विकते आहे, तुमचं नाव त्यात ठेवलं आहे. एकच विनंती आहे. तुमच्या नावाचा उच्चार कसा करतात, तेवढं कळवा.