साडी पुरी करून रुजू झालेला मास्तर

कुठल्याही कचेरीत निवेदन द्यायला गेला की तो आधी खुर्ची ओढायचा. साहेबांनी ‘बसा’ म्हणायची वाट पाहायचा नाही. शिपाई डोळे वटारायचा, आम्ही बाकीचे मागे हात बांधून उभे असायचो आणि हा ऐसपैस बसून म्हणायचा, “उभ्यानं सांगायला ही काय शाळंची प्रार्थना हाय व्हय, साहेब?” साहेब बहुतेक वेळा हसायचे. मग आमच्यासाठीही खुर्च्या यायच्या. मीही घरून चांगली वाक्यं जुळवून नेलेली असायची. ती तशीच परत यायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्या शेजारी उभं राहिलं की फोटोत आपला अर्धाच चेहरा येतो.

आम्ही एकाच बॅचचे, सरकारी मराठी शाळांतले मास्तर. मी बेळगावातल्या शिक्षकांच्या घरातला, तो तिथल्याच वडगावच्या विणकरांचा. नेमणुकीचे हुकूम दोघांना एकदमच मिळाले. मी दुसऱ्याच दिवशी निपाणीकडच्या शाळेत रुजू झालो. त्याच्या मागावर मात्र एक लग्नाची साडी अर्धी होती. ती त्यानंच लावली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बसवून चालणार नव्हतं. हात बदलला की विणीचा ठोका बदलतो आणि उजेडात धरली की साडी ते सांगते. रुजू व्हायला मुदत होती, म्हणून तो साडी पुरी करून आला.

नेमका तेवढ्यात नियम बदलला. आधी रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना नवी योजना. म्हणजे पगारातून दरमहा कापून घ्यायचं, ते बाजारात गुंतवायचं आणि म्हातारपणी हाती काय येईल ते बघायचं. मी अलीकडे राहिलो, तो पलीकडे गेला.

साडीपायी पेन्शन घालवलीस, असं कुणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे. “नवरी तर येळेवर नेसली न्हवं?” मग माझ्याकडे वळून म्हणायचा, “तुझं बरं हाय बाबा. तू निवांत म्हातारा हो.” असं म्हणताना त्याच्या आवाजात माझ्याबद्दल जळण्याचा अंशही नसे. खरं तर जळायला हवं होतं त्यानं. पण ते काम माझ्याकडेच राहिलं.

हिवाळी अधिवेशनाला कर्नाटकाचं सरकार बेळगावला येतं आणि त्याच्या मागून राज्यभरचे आंदोलक येतात. जुन्या पेन्शनसाठी, पगारवाढीसाठी शिक्षकांचा मंडप पडायचा. तिथं हा यजमान. रायचूर-बिदरकडचे मास्तर त्याच्या घरी, मागांच्या मधल्या जागेत अंथरुणं टाकून झोपायचे. वहिनी पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या. सकाळी मंडपात तो गावांची हजेरी घ्यायचा. बेळगुंदी, उचगाव, मग लांबलांबची गावं. केस पिकलेले हेडमास्तर पोरांसारखे हात वर करून हजर म्हणायचे. एकदा कुणीतरी कन्नड शाळा, मराठी शाळा असा विषय काढला. यानं एवढंच विचारलं, “पेन्शनला कुठलं मीडियम असतंय, सांगा बघू.” तो विषय पुन्हा निघाला नाही.

तो ओढून न्यायचा म्हणून मी जायचो, निवेदनं लिहायचो. माझं कन्नड शुद्ध, त्याचं मराठीच्या चालीवर हेंदकाळणारं. पण टाळ्या त्याला पडायच्या. माझी ओळख तो करून द्यायचा, “ही आमची लायब्ररी. हितं बोलायला बंदी असती.” सगळा मंडप हसायचा. मीही हसायचो. घरी आलो की बायको त्याचीच चौकशी करायची. ते आले की घर भरल्यासारखं वाटतं, म्हणायची. मी पुस्तक उघडून बसायचो.

अलीकडे एक हुकूम निघाला. ज्यांच्या भरतीची जाहिरात नियम बदलण्याआधी निघाली होती, त्यांना उशिरा रुजू झाले तरी जुनी पेन्शन मिळणार. त्यात तो बसत होता. मी मनापासून त्याचा हात धरला. पण आता हाही माझ्यासारखा घरी बसेल, असं वाटून आत कुठंतरी बरंही वाटलं.

मंडपातल्या तरुणांना मात्र तो घरी बसेल याचीच भीती होती. उचगावची एक बाई, बऱ्याच नंतर भरती झालेली, त्याच्या तोंडावरच म्हणाली, “सर, आता तुमी कशाला येताय? तुमचं झालं की.”

तो म्हणाला, “माझी साडी झाली गं. तुमची अजून मागावर हाय.”

दुसऱ्या दिवशी सतरंज्या अंथरायला सगळ्यांत आधी तोच हजर होता.

गेल्या श्रावणात शाळेतून घरी आला, पाणी मागितलं आणि गेला. दवाखान्यापर्यंत न्यायचंही राहिलं. रायचूर-बिदरकडची माणसं रात्रभर प्रवास करून आली आणि घरच्यासारखी वावरली. वहिनींना चहा करून द्यायला त्यातला एकजण उठला, तेव्हा साखर कुठं असते ते त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. इतक्या वर्षांचा मित्र मी, पण मला ते ठाऊक नव्हतं. वहिनींना आता पेन्शन मिळते. उचगावच्या बाईंचं अजून काहीच झालेलं नाही.

यंदा मंडप पडला तेव्हा मी आपणहून गेलो. दाराशी बसलेल्या एका अनोळखी शिक्षिकेनं कन्नडमध्ये विचारलं, कुठल्या योजनेतले? मी म्हणालो, जुन्या. मग तुम्ही इथं कशाला, असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं. मी शुद्ध कन्नडात एक वाक्य जुळवू लागलो, पण ते जुळेना. शेवटी त्याचं नाव घेतलं आणि म्हणालो, मी त्याचा मित्र.

तिचा चेहरा बदलला. पदरानं सतरंजी झटकून ती बाजूला सरकली आणि तिनं मला जागा करून दिली. ती जागाही त्याच्याच नावावर मिळालेली होती. तो गेला तरी माझं जळणं काही गेलं नाही. चपला काढल्या आणि मांडी घालून बसलो.