वर्षातून एक दिवस कुलूप

विल्फ्रेड रेस्ट्रिकला कुणी दिलदार म्हटल्याचं त्याच्या गावात तरी कुणाच्या ऐकिवात नव्हतं. डोंगरउतारावर मेंढ्या, खाली नदी, नदीकाठी लांबट कुरण, आणि या सगळ्याचा मालक हा तोंडाचा फटकळ माणूस. पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत जाणारी पायवाट त्याच्या गावापाशी डांबरी रस्त्याला लागायची, आणि पाठीवर पिशव्या घेतलेले वाटसरू खाणीच्या ट्रकांपासून अंग चोरत पुढे जायचे. एकदा असाच एक ट्रक चुकवताना एक बाई चरात पडली. विल्फ्रेडची बायको ऑड्री तिला घरी घेऊन आली, चहा पाजला, आणि ती गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "आपल्या कुरणातून जाऊ दे की त्यांना. गवत काय झिजणार आहे?"

विल्फ्रेडनं फाटक उघडलं, पण हातचं राखून. तिथल्या कायद्यानं एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं बिनहरकत चालले, की ती वाट कायमची लोकांची होते. मालकानं मधूनमधून अडवलं, तर मालकाचीच राहते. म्हणून दर फेब्रुवारीत एक दिवस तो फाटकाला कुलूप घालून स्वतः पहाऱ्याला उभा राहायचा. "मी जाऊ देतोय म्हणून जाताय, हे कळलं पाहिजे," असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी बर्नर्ड सग्डन हमखास यायचा. हा निवृत्त पोस्टमन पायवाटेवरच्या खुणा रंगवायचा, झुडपं छाटायचा, तेही फुकटात.

"सोडतोस का?"

"नाही."

"म्हातारा झालास, पण वाकला नाहीस."

"वाकलो तर पाठीवर पाय देऊन जाशील तू."

मग फाटकाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे उभे राहून दोघं ऑड्रीनं दिलेला केक खायचे. ऑड्री गेल्यावर केक दुकानातून यायला लागला, एवढाच काय तो फरक.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा विल्फ्रेडनं शेत विकायला काढलं. मुलगी हिलरी शहरात राहायची, तिला मेंढ्यांत रस नव्हता. गिऱ्हाईक मात्र चांगलं मिळालं. अंगणाच्या कडेचं छोटं घर तुमचंच, हवं तितकी वर्षं राहा, असं त्यानं आपणहून सांगितलं. एकच गोष्ट विचारली. "नदीकाठची ती वाट बंद करता येईल ना? मला कुत्री मोकळी सोडायची आहेत."

"येईल की," विल्फ्रेड म्हणाला, आणि जरा फुशारलाही.

त्या फेब्रुवारीत फाटकापाशी त्यानं हे बर्नर्डला सांगितलं. बर्नर्डचा केक हातातच राहिला.

"म्हणजे पुन्हा डांबरी रस्ता," तो म्हणाला.

"दावा लावा ना. इतकी वर्षं चाललात."

"आणि साक्षीला कोण? मीच. दर वर्षी अडवलं हे खरं तेच सांगावं लागेल मला. गंमत म्हणून यायचो रे इथं. गाढवासारखी तुझ्याच बाजूची साक्ष तयार करत बसलो."

तो भांडला नाही, गयावयाही केली नाही. आल्या वाटेनं रस्त्याला लागला. खाणीचा ट्रक आला तसा दगडी भिंतीला चिकटून उभा राहिला. कुलपाची किल्ली मुठीत धरून विल्फ्रेड पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या शहाणपणाची लाज वाटली.

वाट कायमची लोकांना देऊन टाकायची, असं त्यानं ठरवलं तेव्हा हिलरीनं फोनवर त्याला बजावलं. "बाबा, गिऱ्हाईक निघून जाईल. ते छोटं घरही जाईल. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहाल का तुम्ही?"

"लिफ्ट आहे ना?"

"बहुतेक वेळा बंदच असते."

"मग घरातच बसेन."

जिल्ह्याच्या कचेरीतल्या बाईनंही त्याची सही घेण्याआधी विचारलं, "वाट एकदा लोकांना दिली की परत घेता येत नाही. कल्पना आहे ना तुम्हाला?"

"जन्मभर तेवढीच काळजी घेत आलोय, बाई," असं म्हणून त्यानं सही केली.

गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं ते वाटेसकट घेणारं, पण छोटं घर त्याला पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं होतं. विल्फ्रेड तिसऱ्या मजल्यावर गेला.

पुढच्या वसंतात हिलरीनं त्याला गावात आणून सोडलं. पाय सवयीनं अंगणाकडे वळले. नव्या मालकाचा मुलगा धावत बाहेर आला.

"आजोबा, इकडे नाही जाता येणार. खाजगी आहे हे."

"इथं माझं..." विल्फ्रेड बोलता बोलता थांबला. स्वयंपाकघराच्या खिडकीला नवे पडदे होते.

"चुकलात वाटतं. या, दाखवतो." तो त्याला हाताला धरून नदीकडे घेऊन गेला आणि फाटक उघडून उभा राहिला. "इथून जा खुशाल. ही वाट सगळ्यांची आहे."

विल्फ्रेडनं त्याचे आभार मानले. काठी टेकत तो आत शिरला. सबंध शेतात आता पाय ठेवायला त्याला एवढीच जागा उरली होती, आणि तिथून त्याला कुणीही हाकलू शकत नव्हतं. कुरणाच्या मध्यावर पोचल्यावर तो थांबला आणि पोटभर रडला.