बाबांचा बांडा

चंद्रपूरच्या कॉलेजात एम.ए. करत होते तेव्हा आम्हाला समुद्रावरची एक जाडजूड कादंबरी होती. एक कप्तान एकाच देवमाशाच्या मागे लागतो आणि सगळं जहाज घेऊन बुडतो. देवमासा कशाचं प्रतीक, हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा.

सुट्टीत मी मोहर्लीकडच्या आमच्या गावी येऊन ती गोष्ट बाबांना सांगितली. बाबा तलावात मासे धरतात. भात कालवत त्यांनी विचारलं, "जहाजावरचे बाकीचे काय करून राह्यले?"

"त्याच्याच मागं जाऊन राह्यले."

"येडे हायेत सगळे."

हे म्हणणारे बाबा स्वतः दोन वर्षांपासून एकाच कतल्याच्या मागे होते. त्या माशाने त्यांचं नवं जाळं फाडलं होतं. शेपटीचा वरचा अर्धा भाग तुटलेला, म्हणून बाबा त्याला बांडा म्हणत. बाकीच्या माशांकडे त्यांचं लक्षच नसायचं. ढिवराच्या घरी मासे बाजारातून विकत आणायची पाळी आल्यामुळे आई चिडलेली होती.

मी नवीनच शिकलेलं ज्ञान पाजळलं. "बाबा, तो मासा नाई. तुमचा अहंकार हाये."

"अहंकार बारा किलोचा नसते," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्या पावसाळ्यात तलाव सांडव्यावरून वाहिला आणि बरेच मासे नाल्याने खालच्या गावाच्या तलावात गेले. पुढे एका रविवारी आई आणि मी बाजारात गेलो. खालच्या गावची बाई मोठा कतला कापत बसली होती. टोपलीत शेपटी पडली होती, वरचा अर्धा भाग नसलेली.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. मग आईने शांतपणे डोकं आणि चार तुकडे मागितले.

दुपारी बाबा दोनदा रस्सा घेऊन जेवले. "चव हाये," ते म्हणाले. "पण बांडा असता तं गोष्टच वेगळी."

मला ठसका लागला. आई म्हणाली, "काटा असन. भात खाय."

नंतर मी हळूच विचारलं, "सांगायचं का त्याईले?"

"काऊन? तलावावर गेले का घर शांत राह्यते."

मी प्रतीकावर सहा पानं लिहून पास झाले आणि आता तीच कादंबरी शिकवते. बाबा अजूनही डोंगा घेऊन तलावात जातात. मागच्या महिन्यात ते खुशीत घरी आले. बांडा पुन्हा दिसला म्हणे, आणि पहिल्यापेक्षा बराच वाढला आहे.