मुंगळीचं बाळंतपण

परंदवडीच्या आमच्या घरात देवघराखालच्या कप्प्यात एक बुटाचा खोका आहे. देवाखाली बूट म्हणून येणारा-जाणारा दचकतो. आत बूट नाहीत, मुंगळे आहेत, म्हटलं की आणखी दचकतो. "आता मुंगळं पाळायचं तेवढं ऱ्हायलं व्हतं व्हय, मावशी?" असं शेजारणीने तोंडावर विचारलं. मी म्हटलं, "सुना पाळून झाल्या, आता हे." माझी सून तिथेच भाजी निवडत होती. ती हसली. पुढे तिने याचं उट्टं काढलंच.

झालं असं. पावसाळ्यात एका संध्याकाळी ओट्यावरच्या दिव्याखाली एक भलीमोठी मुंगळी पंख झटकून टाकत बसली होती. मी चप्पल उचलली. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने माझं मनगटच धरलं.

"आजी, राणी आहे ती! नुकतंच लग्न झालंय तिचं."

"मग नवरा कुठाय?"

"मेला. लग्नानंतर लगेच मरतो तो."

"सुटली बिचारी," मी म्हणाले. आतल्या खोलीत आमचे हे उगाचच खाकरले.

नातीने तिला काचेच्या नळीत ठेवलं. तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, पुढे राणी, आणि तोंडाला आणखी एक बोळा. पुण्याला हॉस्टेलवर परत जाताना घोरावाडी स्टेशनच्या फलाटावर तिने मला पुन्हा बजावलं, "अंधारात ठेवायची. उघडायची नाही, हलवायची नाही, खायला काही द्यायचं नाही. अंगातलंच जिरवून ती पहिली पोरं वाढवते. पोरं जगली तर वारूळ उभं राहील. नाहीतर ती एकटी मरेल, आजी."

"बरं बाई," मी म्हणाले.

पण बाळंतीण, आणि उपाशी? मी चाळिशीत होते तेव्हा या वाडीत बाळंतपणांची ठाणेदार होते. कुणाच्या घरी पाळणा हलला की मी शेगडी, ओवा आणि डिंक घेऊन हजर. डॉक्टरीणबाईंनासुद्धा दोन गोष्टी शिकवून यायची. त्या चाळिशीतल्या मला वाटायचं, आपण नसतो तर मावळात माणूस जन्मालाच आला नसता! ती ठाणेदारीण माझ्या अंगातून अजून पुरती गेलेली नाही. राणीने चार-पाच अंडी घातलेली दिसली, तशी ती ठाणेदारीण उठली. बोळा काढून डिंकाच्या लाडवाचा कण आत सरकवला. ओव्याची धुरीही देणार होते, पण नळीचं तोंड फारच बारीक. मग खाते का, हे बघायला दिवसभर खोका उघडझाक.

नळीत बुरशी चढली. अंडी दिसेनात. नातीला फोन केला. ती हळूच म्हणाली, "तिनेच खाल्ली असतील. सारखं कुणी डोकावलं, की त्यांना वाटतं इथे पोरं वाचणार नाहीत."

मी फोन ठेवला. सून शांतपणे म्हणाली, "आई, माझ्या बाळंतपणात तुम्ही दर तासाला पडदा सारून बघत होतात. मी पोरगी नाही खाल्ली, हे नशीब समजा."

असं हसलो दोघी, की डोळ्यांत पाणी आलं. माझं थोडं जास्त आलं.

शनिवारी नात आली. जुन्या नळीच्या तोंडाला नवी नळी जोडली, नवीवर काळं फडकं टाकलं. राणी अंधाराच्या ओढीने आपणहून पलीकडे चालत गेली. "ताकद उरली असेल तर पुन्हा घालेल," नात म्हणाली. उरली नसेल तर काय, ते मी विचारलं नाही. खोका सुनेच्या ताब्यात गेला. मी देवाला दिवा लावायची आणि खाली न बघता वळायची. इतकी गप्प मी माझ्या सासूपुढेही बसले नव्हते.

एका रविवारी सुनेने कप्पा उघडला आणि हाक मारली, "आई, या. श्वास जपून घ्या." नव्या नळीत अंडी होती. पुढे अळ्या झाल्या, अळ्यांचे भुरे कोष झाले. आणि कार्तिक लागता लागता एका कोषातून एक फिकट, पिटुकली मुंगी बाहेर आली. तिचे पाय थरथरत होते.

आता खायला द्यायला नातीची परवानगी होती. काडीच्या टोकाने मी साखरपाण्याचा थेंब ठेवला आणि, खरं सांगते, हात मागे घेतला. पिटुकली थेंबापाशी गेली, पोट टम्म होईस्तोवर प्याली. मग वळली, आईपाशी गेली आणि तिच्या तोंडाला तोंड लावलं. इतके दिवस उपाशी असलेली ती राणी प्यायला लागली.

"बघितलंत?" सून कुजबुजली.

मी मान हलवली आणि खोक्याचं झाकण तिच्या आधी मीच लावलं.