जावई सुरतला असतात

दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी बॅग भरते, लेकीला घेते आणि शिंदखेड्याहून धुळ्याला मावशीकडे जाते. रात्र तिथे काढायची आणि सकाळी त्याच बॅगेसह एसटीने परत शिंदखेड्याला यायचं. गल्लीत शिरताना चेहरा लांबच्या प्रवासाचा करायचा. ओट्यावरच्या बाया विचारतात, "कवय उनी वं?" म्हणजे कधी आलीस. मी म्हणते, "ही काय, आत्ताच." मग सासरहून सणाला आलेल्या बाकीच्या लेकींसारखी मीही सणाला बांधलेल्या झोक्यावर जाऊन बसते. खरी गोष्ट अशी की उरलेलं सगळं वर्ष मी त्याच गल्लीत, त्याच घरात, आईजवळ राहते.

हे नाटक आईने बसवलेलं. माझा नवरा सुरतला साडीच्या मिलमध्ये गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. धुळ्याच्या कोर्टात आमचा घटस्फोट झाला. आईला फार काही रचावं लागलं नाही. "जावई सुरतला असतात. तिथे खोली परवडत नाही म्हणून लेक इथे," एवढंच तिने गल्लीत सांगून ठेवलं, आणि आखाजीला मी सुरतहून आल्यासारखं यायचं ठरवलं. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की कधी कधी मलाच त्या माणसाच्या जेवणाखाण्याची काळजी वाटायला लागते.

लेक सहावीत असताना तिने एसटीत विचारलं, "आई, आपण परत यायलाच जातो का?"

"सगळेच तसे जातात," मी म्हटलं. उत्तर झकास जमलं होतं. मग मी खिडकीला डोकं टेकवलं, ते धुळं येईपर्यंत उचललं नाही.

घर माझ्या शिलाई मशीनवर चालतं, पण मशीनला काम लग्नसराईत. एरवी लेकीची शाळा आणि आमचा किराणा सरकारच्या निराधार योजनेवर. घटस्फोट झालेली बाई म्हणून मला ते पैसे मिळतात. म्हणजे गल्लीत सवाष्ण आणि तहसील कचेरीत निराधार. दोन भूमिका, साडी एकच. कचेरीच्या अलीकडच्या वळणावर मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकायचं, येताना त्याच वळणावर गळ्यात घालायचं.

गेल्या वर्षी या योजनेची फेरतपासणी निघाली. आखाजीचा आदला दिवस, दुपारची वेळ, आणि तलाठी दारात. मी मंगळसूत्र पदराखाली सारलं.

"ताई, कोर्टाचा निकाल आहे फायलीत," तो म्हणाला. "फक्त तुम्ही नवऱ्याशिवाय राहता असा शेजाऱ्यांचा जबाब लागतो. तो नसला तर पैसे बंद होतील. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही, त्यांना बोलू द्या."

समोरच्या ओट्यावर अक्का बसल्या होत्या. गल्लीत सगळ्यांत वडीलधाऱ्या.

"अक्का, यांचे मिस्टर कुठे असतात?"

"जवाई? सुरतले शे ना."

मी तलाठ्याच्या पाठीमागून जोरजोरात मान हलवली. अक्कांनी पाहिलं, आणि डोळ्यांनीच मला धीर दिला की पोरी, घाबरू नको, मी सांभाळते.

"सोनासारखा मानूस शे भाऊ. दर सणले येस."

मी आता दोन्ही हात हलवले. अक्कांना वाटलं, अजून कमी पडतंय.

"दिवाळीले पोरले सायकल धाडी त्यानी."

शेजारच्या नानांनी पेपर खाली ठेवला. "लाल सायकल शे," ते म्हणाले. नाना कधी अर्धवट साक्ष देत नाहीत. ती सायकल मी निराधारच्या पैशांतून जुनी घेतली होती.

तलाठी सगळं लिहून घेत होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी असं वाटत होतं की इथेच उंबऱ्यावर बसावं आणि उठूच नये.

"अक्का," मी म्हटलं, "खरं ते सांगा. माझा घटस्फोट झालाय."

आत आई सांजोऱ्या तळत होती. तिचा झारा थांबल्याचं मला बाहेर कळलं.

"माहीत शे वं माय," अक्का शांतपणे म्हणाल्या. "बठ्ठी गल्लीले माहीत शे. पन परका मानूसले आपली पोरनं कसं सांगानं?"

म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांना प्रेक्षक समजत होते, ते सगळे माझ्याच मंडळीतले नट होते. आणि माझ्यापेक्षा सरस.

तलाठ्याने पेन बंद केलं. तोही दमलेला होता. "आधी सायकल, आता घटस्फोट. मी काय लिहू? घरातलं कुणी मोठं आहे का?"

आई बाहेर आली. हाताला पीठ, हातात झारा. तिने कुणाकडेही पाहिलं नाही.

"जवाई नही शे," ती म्हणाली. "पोर मनाजोडेच ऱ्हास. लिखा."

पोर माझ्याजवळच असते, एवढं सांगून ती आत गेली. कढईतला घाणा करपला होता. तलाठ्याने नवा कागद घेतला. नानांनी सही केली, अक्कांनी अंगठा दिला. पैसे चालू राहिले.

संध्याकाळी मी भरलेली बॅग उघडून साड्या परत कपाटात ठेवायला लागले. आता कुणासाठी जायचं? मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. आईने कपाटातून साड्या काढल्या, घड्या नीट केल्या आणि पुन्हा बॅगेत भरल्या. वर सांजोऱ्यांचा डबा ठेवला, मावशीसाठी.

"सगळ्यांच्या लेकी येतील," एवढंच म्हणाली.

लेकीला घेऊन मी गेले. आखाजीला सकाळच्या गाडीने परत आले. उन्हातून गल्लीत शिरले, तेव्हा अक्का ओट्यावरच होत्या. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी विचारलं, "कवय उनी वं?"

"ही काय, आत्ताच."

त्या सरकून बसल्या. मी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी टेकले. पाय खरोखरच सुरतहून चालत आल्यासारखे दुखत होते.