पाय मुखरूचा, तोंड ठमाबाईचं

ठमाबाईचं तोंड फाटकं आहे, असं तिची सख्खी बहीणसुद्धा म्हणायची, मग बाकीच्यांची काय कथा. आलापल्लीच्या अलीकडं, सागाच्या जंगलात, एका संस्थेचा वीस खाटांचा दवाखाना होता. तिथं ती आया होती. हुद्दा आयाचा, काम मात्र सगळ्यांचं. हागणंमुतणं काढायचं, जखमा धुवायच्या, म्हाताऱ्यांची नखं कापायची, आणि डॉक्टर शुद्ध भाषेत जे बोलून गेले ते पेशंटला समजेल अशा शिव्यांत सांगायचं.

तिथं पेशंटला खाटेच्या नंबरानं ओळखायची रीत होती. सातला सुई द्या, बाराला घरी पाठवा. ठमाबाईला या रीतीचा भारी राग. "घरच्या म्हशीलेही मानूस नाव ठेवते," ती म्हणायची, आणि नवा पेशंट आला की आधी नाव विचारायची, मग गाव, मग बायकोचं माहेर.

या रागाला जुनं कारण होतं. ती लहान असताना बाप तिला तापानं फणफणत एका दवाखान्यात घेऊन गेला होता. तिथल्या कंपाउंडरनं तिचं नाव विचारलं नाही, जातीच्या नावानं हाक मारली. गोळ्या हातावर ठेवल्या नाहीत, वरून टाकल्या. एक गोळी मातीत पडली. "उचल," तो म्हणाला. पुढं छप्पन्न साली बाप सगळ्या घरादाराला घेऊन चांद्याला गेला आणि बौद्ध होऊन परतला. घरातले जुने देव नदीत गेले, ती मातीतली गोळी मात्र ठमाबाईच्या डोक्यातून गेली नाही.

चौऱ्याऐंशी साली मोहफुलांच्या दिवसांत मुखरू नावाचा साठीचा शेतकरी बैलबंडीतून दवाखान्यात आला. मोह माणसाला आवडतो तसा अस्वलालाही आवडतो, आणि वेचायला दोघंही सकाळीच निघतात. झाडाखाली दोघांची गाठ पडली. अस्वलानं मुखरूची डावी नडगी फोडली. बारा दिवस गावानं हळद, पाला आणि सल्ले बांधून पाहिले. पाय काळा पडल्यावर त्याचा मुलगा देवराव त्याला घेऊन आला. वास असा, की शेजारच्या दोन खाटांचे पेशंट अचानक बरे झाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

डॉक्टर रिसबूड पुण्याचे. वय तिशीचं, हाताला यश, पण बोलणं असं की फळ्यावर लिहून राहिले आहेत. त्यांनी पाय पाहिला आणि मुखरूच्या अंगावरून पलीकडं उभ्या देवरावला सांगितलं, "गँगरीन आहे. गुडघ्याखालून कापावा लागेल. नाहीतर म्हातारा जाईल."

"नाई," मध्ये पडलेला म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, म्हणजे पुन्हा देवरावलाच. पुन्हा खाटेवरून "नाई" आलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर चिडले. अज्ञान, अंधश्रद्धा, सगळं काढलं. शेवटी नर्सला म्हणाले, "पेशंट शुद्धीवर नाही असं लिहा. मुलाचा अंगठा घ्या."

ठमाबाई बादली घेऊन तिथंच होती. "शुद्धीवर नाई? साहेब, आत्ताच त्यानं मले बिडी मांगतली."

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलत नाई, इचारतो. पाय कोनाचा हाये?"

"म्हणजे?"

"अंगठा देवरावचा घेऊन राह्यले, मंग पायही त्याचाच कापा ना."

देवराव दोन पावलं मागं सरकला. ओट्यावरचे पेशंट हसले. डॉक्टरांच्या कानशिलावरची शीर उडाली, पण माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजेपर्यंत थांबतो. त्यापुढं विष अंगभर जाईल. तुला एवढं समजतं, तर तूच घे त्याच्याकडून होकार."

ठमाबाईनं पहिलं काम केलं ते म्हणजे देवरावला हाताशी घेऊन खाट उचलली आणि मुखरूला बाहेर चारोळीच्या झाडाखाली नेलं. दवाखान्याच्या आवारात बिडी ओढायला मनाई होती. तिनं एक त्याला पेटवून दिली, एक स्वतः घेतली. मग देवरावला म्हणाली, "तू जाय, बैलाले पानी दाखव."

"दाखवलं."

"मंग अजून दाखव."

देवराव गेला. ठमाबाई खाटेच्या काठावर बसून बिडी ओढत राहिली. बिडी अर्धी झाल्यावर मुखरूच बोलला.

"कापाले माझी ना नाई, बाई. वास मलेही येते. अस्वलानं पाय खाल्ला, नाक नाई."

"मंग तीन दिवसापासून काऊन नाई म्हनून राह्यला, भाऊ?"

"कापल्यावर पाय कुठी जाते?"

ठमाबाईची नजर मागं गेली. दवाखान्यामागं एक खड्डा होता. कापलेलं, सडलेलं, रक्ताचं सगळं तिथं जायचं. वरून दोन फावडी माती.

"माझ्या खाटेवरून दिसते तो," मुखरू म्हणाला. "परवा दोन कुत्रे भांडत होते. पट्टी गुंडाळलेलं काही होतं. अस्वलानं खाल्लं त्याचं मले वाईट नाई. जंगल त्याचं, मोहही त्याचा, मीच त्याच्यात गेलो. पन उरलेला पाय या गावठी कुत्र्यायनं खावा? चाळीस वर्सं या पायानं धानाचा चिखल तुडवला मी. मले तो माझ्या धानाच्या बांधीत पाह्यजे."

ठमाबाईला एकदम लाज वाटली. अकरा वर्षं ती त्या खड्ड्यात बादल्या रिकाम्या करत होती. नाव, गाव, बायकोचं माहेर, सगळं विचारायची आणि त्याची घमेंडही मिरवायची. हा प्रश्न मात्र तिनं एकालाही विचारला नव्हता. तिनं बिडी विझवली आणि तडक डॉक्टरांची खोली गाठली.

"तो तयार हाये. पन पाय त्याले वापस पाह्यजे."

"वापस? म्हणजे घरी नेणार?"

"बांधीत गाडनार."

"असा नियम नाही, ठमाबाई."

"नेऊ नये, असा तरी हाये काय?"

डॉक्टर अडखळले. संसर्ग, वास, लोक काय म्हणतील, असं काहीबाही बोलले. ठमाबाईनं मीठ, चुना आणि घट्ट झाकणाचा तेलाचा पिपा असा बंदोबस्त सांगितला. मग म्हणाली, "मले नका सांगू, त्याच्याशी बोला. त्याले कानही हायेत, तोंडही हाये. मी तपासलं."

डॉक्टर आले. एव्हाना खाट पुन्हा आत गेली होती. ते स्टूल ओढून मुखरूच्या उशाशी बसले. दोन वर्षांत त्या स्टुलावर ते पहिल्यांदाच बसत होते. तेवढ्या उंचीवरून खिडकीतून बाहेर पाहिलं की नेमका खड्डाच दिसायचा, हे त्यांना तेव्हा कळलं. एक कुत्रं तिथं निवांत झोपलेलं होतं.

"डॉक्टरभाऊ," मुखरू म्हणाला, "तुमचा पाय असता तं?"

डॉक्टरांनी पुन्हा त्या कुत्र्याकडं पाहिलं. "देतो तुमचा पाय," ते शेवटी म्हणाले. तीन दिवसांत म्हातारा "तो"चा "तुम्ही" झाला.

"मंग कागद वाचून दाखवा. आनि ही बाई माझ्या डोक्याशी पाह्यजे."

कागद वाचला गेला. मुखरूनं स्वतःचा अंगठा उठवला. साडेचारला पाय कापला. कमरेत सुई दिलेली होती, म्हातारा जागा होता, आणि ठमाबाई त्याला अस्वलाची गोष्ट पुन्हापुन्हा सांगायला लावत होती. दर वेळी अस्वल हातभर मोठं होत गेलं.

पाय घेऊन जायला देवरावनं साफ नकार दिला. बापाजवळ थांबतो म्हणाला. खरं म्हणजे भ्यायला होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाईच पिपा घेऊन एस.टी.त चढली.

"पिप्यात काय हाये?" कंडक्टरनं विचारलं.

"पाय."

"डुकराचा अशीन तं उतर. गाडीत चालत नाई."

"मुखरूचा हाये."

"मुखरू म्हनजे कोनतं जनावर?"

"तुमच्या-माझ्यासारखंच. फक्त डोक्यानं जरा चांगलं."

गाडीतली माणसं एकेक करून पुढच्या बाकांवर गेली. मागची पाच जणांची अख्खी सीट ठमाबाईला मिळाली. कंडक्टरनं पुस्तक उलटसुलट चाळलं. एकट्या पायाचं अर्धं तिकीट की पूर्ण, हे त्यात कुठंच छापलेलं नव्हतं. त्यानं हात जोडले आणि घंटी मारली.

निरोप आधीच पोचला होता, मुखरूची बायको कमळा गावच्या फाट्यावरच उभी होती. तिनं पिपा उघडायला लावला. लोक नाक धरून मागं हटले, ती वाकून पाहत राहिली. अंगठ्यावर कुदळीचा जुना वण होता. "आमचाच हाये," ती म्हणाली, हरवलेला बैल कोंडवाड्यात ओळखावा तशी. आणि मग मटकन खाली बसून रडली.

गावातल्या जाणत्यांपुढं वेगळाच पेच होता. सुतक किती दिवसांचं? दादाजी नावाच्या म्हाताऱ्यानं हिशेब मांडला, की माणसाला दहा दिवस, तर पायाला निदान अडीच तरी हवेत. कमळानं डोळे पुसले. "मानूस जित्ता हाये माझा. सुतक कायचं? पाय गाडा, आनि या बाईले जेवू घाला." बांधीच्या उंच कोपऱ्यात पाय गाडला. ठमाबाई कमळाच्या चुलीपुढं बसून तिच्याच ताटात जेवली. कोण, कुठली, हे त्या दिवशी त्या घरात कुणी विचारलं नाही.

ती परतली तेव्हा संस्थेच्या ऑफिसातून मेमो तयार होता: परवानगीवाचून गैरहजर, दवाखान्याची वस्तू बाहेर नेली. वस्तू म्हणजे पाय. डॉक्टरांनी खाली लिहून दिलं, की वस्तू दवाखान्याची नव्हती. महिन्याभरात खड्ड्याला सिमेंटचं कडं आणि वर लोखंडी झाकण आलं. डॉक्टर पेशंटना नावानं हाक मारू लागले. निम्म्या वेळा चुकीचं नाव घ्यायचे, मुखरूला दोनदा बुधू म्हणाले, पण पेशंट ओ द्यायचे.

दोन महिन्यांनी मुखरू कुबड्यांवर घरी गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, चिखलात उतरायचं नाही. रोवणीच्या दिवसांत ठमाबाई त्याला पाहायला गेली, तर हा बांधीच्या मधोमध. कुबडी हातभर चिखलात रुतलेली, स्वतः मांडीपर्यंत आत, आणि तिथून बायकांवर ओरडतो आहे की रोपं वाकडी लावून राहिल्या. रोपं खरंच वाकडी होती.

"डॉक्टर काय म्हनले होते?" ठमाबाई बांधावरून ओरडली.

"त्यायनं सांगितलं, मी आयकलं. आता ठरवलं माझं मीच."

तिनं लुगडं वर खोचलं, चिखलात उतरली आणि त्याच्या काखेत हात घातला.

"कुठी जायाचं हाये?" तिनं विचारलं. "बांधावर का पुढच्या वाफ्यात?"

"पुढच्या वाफ्यात," मुखरू म्हणाला. "आनि हसू नको. वढ."