आक्काचं बोलणं

काल्हेरची जमीन गोदामवाल्यांना देऊन केसरीनाथनं भिवंडीत बंगला बांधला आणि हॉलच्या भिंतींनाही लादी ठोकली. चकचकीत दिसलं म्हणजे झालं, आवाजाचा विचार करतो कोण? दोन मोठे स्पीकर छताच्या कोपऱ्यांत टांगले, देवाच्या फोटोसारखे.

हा स्पीकरचा खटाटोप एका कॅसेटसाठी. त्याची आई, आक्का, लग्नांत धवले गायची. एका लग्नात कुणीतरी ते टेप केले होते. आक्का जाऊन अकरा वर्षं झाली आणि कॅसेट आत्ता, २००६ साली, मामाच्या ट्रंकेत सापडली. गाणं त्याला पाठच होतं. पण गाणं संपल्यावर आक्का "केसऱ्या" अशी हाक मारून काहीतरी बोलते, ते काही समजेना. बायकोला, कमळलाही कळेना. आईचं एवढंच बोलणं आपल्यासाठी उरलंय आणि तेही निसटतंय, म्हणून त्याचा जीव नुसता जळायचा.

दोष खोलीचा, असं त्यानं ठरवलं. आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यातले कोऱ्या कापडाचे ताके आणून भिंती झाकल्या.

"घर हाय का मांडव?" कमळ म्हणाली.

घुमणं कमी झालं, बोलणं समजेना ते समजेनाच. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सुधीरला बोलावलं. त्यानं वर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, जाड आवाज खोलीभर पसरतो. स, च असले बारीक आवाज स्पीकरचं तोंड असेल तिकडंच जातात. तुमचे डोक्यावरून चाललेत."

त्यानं स्पीकर उतरवून स्टुलांवर ठेवले, तोंडं खुर्चीकडं वळवली. कॅसेट लावली. गाणं संपलं, हाक आली आणि कमळनं पदर डोळ्यांना लावला.

"अजून थोडा फिरव," केसरीनाथ म्हणाला.

सुधीरनं तीनदा फिरवला. मग थांबला आणि कमळकडं बघत राहिला. केसरीनाथची तीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेली होती. लूमवाल्यांचे कान जातात म्हणणाऱ्यांना तो हसायचा, आपल्याला सवय आहे म्हणायचा. आता तो हसला नाही.

"खोली बरी हाय आता," कमळ त्याच्या कानाशी येऊन म्हणाली. "आक्का इचारते, जेवलास का?"

तो स्पीकरकडं बघत बसला.

"जेवलो गं," त्यानं सांगितलं. किती मोठ्यानं, ते त्याचं त्याला कळलं नाही.